पोळ्याची कर, मटणाचा रस्सा आणि आल्प्समधली हलकी लाल वाइन

संत्राबाग (वरुड तालुका)

यंदा पोळ्याच्या करीला आमच्याकडे मटणासोबत लाल वाइन होती. ती जेवणाला इतकी लागू पडली की त्यावर नीट लिहावंसं वाटलं. इथे वाइनवर जे धागे निघतात ते बहुतेक चीज, पास्ता आणि केकच्या वळणाचे असतात. आपल्या तर्रीच्या रश्श्याबरोबर काय चालतं, हे कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा खास आपल्याकडच्या पानासाठी.

विदर्भाबाहेरच्या वाचकांना कर म्हणजे काय ते आधी सांगते. श्रावणभर आमची चूल शाकाहारी. पोळ्याला बैलांची पूजा आणि पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी लहान पोट्टे लाकडी बैल घेऊन तान्ह्या पोळ्याला निघतात, घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागतात, आणि गावभर मटण शिजतं. महिनाभर थांबलेली जीभ असते, म्हणून त्या दिवशीचा रस्सा मुद्दाम जहाल करतात. भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, भाजलेला कांदा, काळा मसाला, वर तेलाचा तवंग. सोबत ज्वारीची भाकर, भात, कांदा, लिंबू.

दिराची मुलगी उत्तर इटलीत बोल्झानोला शिकते. सुट्टीत आली तेव्हा दोन बाटल्या घेऊन आली (विमानाने येणाऱ्या माणसाला दोन लिटरपर्यंत मद्य बिनकराचं आणता येतं). एक सांता माद्दालेना, दुसरी लाग्राइन. दोन्ही तिथल्या साध्या दुकानातल्या, दहा-बारा युरोच्या. म्हणजे आपले हजार-बाराशे रुपये. तिथे ही रोजच्या जेवणाची वाइन समजतात.

सांता माद्दालेना हे बोल्झानोच्या डोक्यावरच्या टेकड्यांचं नाव. तिथली वाइन मुख्यतः स्कियावा नावाच्या द्राक्षाची असते, त्यात रंगासाठी लाग्राइन हे तिथलंच दुसरं द्राक्ष थोडं घालतात. हा मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता, अजूनही तिथले बहुसंख्य लोक जर्मन बोलतात आणि त्याच द्राक्षाला फेर्नाच म्हणतात. बाटलीवर दोन्हीपैकी कुठलंही नाव असू शकतं, हे घेताना लक्षात ठेवा.

आल्प्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. पण बोल्झानो शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम २६२ मीटरवर आहे, आपल्या अमरावतीपेक्षाही खाली. चहूकडे डोंगर आणि मध्ये कढईसारखी दरी, त्यामुळे जुलै महिन्यात ते इटलीतल्या सगळ्यात तापणाऱ्या शहरांत मोडतं. द्राक्षमळे दरीच्या तळापासून उतारांवर हजार मीटरपर्यंत चढत जातात. दिवसा कडक ऊन, दुपारनंतर गार्दा सरोवराकडून येणारा ‘ओरा’ वारा, रात्री डोंगरावरून उतरणारा गारवा. दिवसा फळात साखर भरते आणि गार रात्रींमुळे आंबटपणा टिकून राहतो. संत्र्याला रंग चढायला रात्री गार लागतात हे आपल्या बागाईतदारांना सांगायला नको; तिथे वाइनच्या ताजेपणामागे तेच काम चालतं. जुन्या बागा लाकडी मांडवांवर आहेत, डोक्यावर उतरत्या. पानांच्या सावलीत घड लोंबतात, उन्हाने करपत नाहीत.

आता पानावरची गोष्ट. ही वाइन रंगाने फिकी, काचेच्या पेल्यातून पलीकडचं दिसेल एवढी. वासाला स्ट्रॉबेरीसारखी, शेवटी जिभेवर बदामाचा किंचित कडसर मागमूस. अल्कोहोल साडेबारा टक्क्यांच्या आसपास. महत्त्वाचं म्हणजे तुरटपणा अगदी कमी. आणि तिखटासोबत हाच गुण कामाला येतो. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते, तोंड कोरडं करणाऱ्या तुरटपणाने आणखी बोचरी होते. चौदा-साडेचौदा टक्क्यांची, ओकच्या पिंपात मुरलेली भारदस्त वाइन आपल्या रश्श्यावर घेतली तर दोघंही भांडत बसतात. हलकी, फळाच्या चवीची, थोडी गार केलेली वाइन मात्र घोटागणिक तोंड धुऊन काढते आणि पुढच्या घासाला जागा करते. खोबऱ्या-खसखशीची स्निग्धता तिच्या आंबटपणाने कापली जाते, जे काम एरवी लिंबाची फोड करते.

लाग्राइन उलट. गडद जांभळी, दाट, बरीच तुरट. रश्श्यासोबत ती मला आवडली नाही. पण तव्यावरच्या कलेजीबरोबर आणि मीठ-मिरी लावून कोरड्या केलेल्या चापांबरोबर फार छान लागली. मांसातल्या प्रथिनांना आणि चरबीला तिचा तुरटपणा धरतो, मिठाने मवाळ होतो. म्हणून दोन बाटल्या असल्या तर रस्सा सुरू व्हायच्या आधी सुक्यासोबत लाग्राइन आणि पानावर बसल्यावर स्कियावा, असा क्रम मी सुचवेन.

स्वस्त का, हेही सांगते, कारण मला सगळ्यात जास्त त्याचंच कौतुक वाटलं. १९८० च्या दशकापर्यंत त्या प्रांतातल्या निम्म्याहून जास्त मळ्यांत हेच द्राक्ष होतं. भरमसाट उत्पादन घ्यायचं आणि स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाला घाऊक वाइन धाडायची असा धंदा होता. मग भाव पडले, लोकांनी पांढऱ्या जाती लावल्या, आणि आता स्कियावा साधारण दहाव्या हिश्श्यावर आली. जी उरली ती चांगल्या उतारावरची, जुन्या वेलींची, कमी माल धरणारी. गुण वाढला, पण मान अजून परत आला नाही, म्हणून दर कमी आहे. शिवाय तिथली साधारण सत्तर टक्के वाइन सहकारी संस्था करतात. आन्द्रियान आणि टेरलान या गावांच्या संस्था १८९३ साली निघाल्या. शेतकऱ्याकडे सरासरी एखादा हेक्टर, तो द्राक्ष संस्थेत घालतो, संस्था दर्जाप्रमाणे भाव देते. एक हेक्टरचा माणूस तिथे स्वतःच्या मालाच्या बाटलीवर आपल्या गावाचं नाव वाचतो. आपण आंबिया बहराच्या संत्र्यांची अख्खी बाग झाडावरच व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतो. पुतणी हे सगळं सांगत असताना मामाजी (सासरे) जेवण थांबवून ऐकत होते.

तुमच्याकडे सणाच्या मटणासोबत कोणी असं काही करून पाहिलं आहे का? जरूर लिहा.

नागपुरी तर्री

वा, ताई! लय दिवसांनी कामाचा धागा. आमच्याकडे मागच्या होळीच्या करीले मित्राने नाशिकची कॅबर्ने आणली होती. सावजी मटणासंगं घेतली तर तोंडात नुसता कडूपणा राहिला. सगळ्यांनी वाइनला नावं ठेवली आन् बाटली तशीच राहिली. आता समजलं काऊन ते. म्हणजे वाइन खराब नव्हती, जोडी चुकली होती?

संत्राबाग

होय दादा, बहुतेक तसंच झालं असणार. कॅबर्नेच्या सालीतच तुरटपणा जास्त, त्यावर ओकचं पिंप, आणि सावजीचा मसाला म्हणजे आपल्याकडच्या तिखटाची वरची पायरी. तीच बाटली नुसत्या मिठावर भाजलेल्या मटणासोबत घेतली असती तर तुमच्या मित्राला शाबासकी मिळाली असती. सावजीसाठी मी स्कियावासुद्धा चांगली गार करून देईन आणि पेला छोटा ठेवीन. त्या तिखटापुढे कुठल्याही वाइनची परीक्षाच असते.

कापूसकाठ (यवतमाळ)

माहिती आवडली. गार म्हणजे किती गार? आमच्याकडे लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असं सांगतात. आमच्या रूमचं टेंपरेचर पोळ्याला तीस आणि होळीला छत्तीस! आणि बर्फ टाकला तर चालतो का?

संत्राबाग

ते रूम टेंपरेचर युरोपातल्या जुन्या दगडी घरांचं, सोळा-अठरा अंशांचं. आपल्या खोलीत ठेवलेली वाइन कोमट होते, अल्कोहोल नाकात चढतं आणि फळाचा वास दबतो. स्कियावाला बारा ते चौदा अंश चांगले. फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवायची आणि पानं मांडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढायची. लाग्राइन थोडी कमी गार, सोळाच्या आसपास.

वीज गेली तर ओलं फडकं गुंडाळून बाटली वाऱ्याला ठेवा. होळीच्या कोरड्या हवेत ही युक्ती छान चालते. पोळ्याच्या दमट हवेत पाणी उडत नाही, त्यामुळे फारसा उपयोग होत नाही. तेव्हा बादलीत पाणी, बर्फ आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवायची. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. पेल्यात बर्फ मात्र नको. एवढी हलकी वाइन पातळ झाली की तिच्यात काही उरत नाही.

वाले ते वाशीम

नोकरीमुळे काही वर्षं स्वित्झर्लंडच्या वाले भागात होतो, म्हणून भर घालतो. तिथली घरगुती जेवणाची लाल वाइन म्हणजे डोल, पिनो न्वार आणि गामे या दोन द्राक्षांच्या मिश्रणाची. तीही हलकी, कमी तुरट, थोडी गार करून पितात. आमच्या घरी भारतीय जेवणासोबत कायम तीच असायची, विशेषतः कोंबडीच्या रश्श्यासोबत. त्याच भागात फिस्परटर्मिनेन गावाचे मळे अकराशे मीटरच्या आसपास पोचतात. उतार असा की तिथे ट्रॅक्टर चढत नाही, सगळं काम हाताने. त्यामुळे स्विस वाइन तिथेसुद्धा स्वस्त नाही आणि देशाबाहेर जेमतेम एक-दोन टक्के जाते. बाकीची ते स्वतःच पितात.

फ्रान्सच्या बाजूच्या आल्प्समध्ये, साव्वामध्ये, मोंदोझ नावाचं द्राक्ष आहे. ज्यांना मसालेदार वास आवडतो त्यांनी ते जरूर पाहावं. काळ्या मिरीच्या वासामागचं रोटंडोन हे द्रव्य त्यात भरपूर असतं. सिरा या द्राक्षाचं ते जवळचं नातलग. अल्कोहोल कमी, आंबटपणा चांगला. आपल्या काळ्या मसाल्यासोबत ते शोभेल असं मला फार वाटतं.

उत्तर इटलीतल्या वाल्तेल्लिना खोऱ्याचं नेब्बियोलो हे द्राक्ष मात्र रश्श्यासोबत नको. वाइन सुंदर, पण तुरट. दगडी बांधांच्या पायऱ्यांवरची ती शेती पाहिली की त्या लोकांना हात जोडावेसे वाटतात.

पाटी पेन्सिल

धागा वाचला. माहिती चांगली आहे, पण मनातलं बोलते. मी खेड्यात शिक्षिका आहे. दारूने बसलेली घरं रोज पाहते. पगाराच्या दिवशी बाप घरी येत नाही म्हणून वही नसलेली मुलं माझ्या वर्गात आहेत. आपल्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती बायांनी रस्त्यावर उतरून मिळवली. चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली, तेव्हा तिथल्या कितीतरी बायांना काय वाटलं असेल? अशा ठिकाणी सणाच्या पानावर वाइन ठेवणं मला जड जातं. पोरांसमोर तर अजिबात नको.

संत्राबाग

मॅडम, तुम्ही लिहिलंत ते मला मनापासून पटतं, आणि तुम्ही ते इथे लिहिलंत हे बरं झालं. आमच्या गल्लीतही तशी घरं आहेत. ज्या घरात दारूने एकदा नुकसान केलं आहे तिथे वाइनही नको, एक पेलासुद्धा नको, असंच माझं मत आहे.

आमच्या घरी आम्ही काय केलं ते सांगते. आईंनी (सासूबाई) नको म्हटलं, त्यांना कोणी आग्रह केला नाही. मामाजींची रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांनी वास घेतला आणि पेला परत केला. गाडी चालवून परत जाणाऱ्या जावईबापूंनी घेतली नाही. बाकीच्या मोठ्या माणसांत एक-एक पेला, तोही जेवणासोबत, जेवणाआधी नाही. पोरांचं पान आधी झालं होतं. बाया आणि पुरुष एकाच पंगतीत बसले होते, लपवाछपवी नव्हती. गावात दारूने जे होतं त्यात एकट्याने, उपाशीपोटी, चोरून पिणं फार असतं. वाइनने ते सुटेल असं मी म्हणत नाही. पण तिथल्या घरांत वाइन भाकरीसारखी पानासोबतच येते आणि पान उचललं की बाटली बंद होते, एवढी त्यांची रीत मला घ्यावीशी वाटली.

पाटी पेन्सिल

पोरांचं पान आधी झालं हे वाचून बरं वाटलं. माझं मत बदललेलं नाही, पण तुमच्या उत्तराबद्दल आभार.

सेलूची लेक (वर्धा)

आमच्या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, त्यामुळे माहेरी हा प्रश्नच येत नाही. सगळ्यांना एक आठवण: पाहुणे म्हणून वर्ध्याला किंवा गडचिरोलीला येताना अशी बाटली सोबत आणू नका, वाइनलाही सूट नाही. बाकी जिल्ह्यांतही मद्यसेवनाचा परवाना लागतो, तो काढून घ्यावा.

मी सासरी, अकोल्याला, असते. माझा प्रश्न असा की ही वाइन इथे मिळते का आणि केवढ्याला?

वाले ते वाशीम

आल्प्समधली लाल वाइन विदर्भात दुकानात पाहिलेली नाही. मुंबई-पुण्यात आल्तो आदिजेची (म्हणजे बोल्झानोच्या प्रांताची) पांढरी पिनो ग्रीजो कधीतरी दिसते. बाहेरच्या वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क राहिलं आहे, त्यावर राज्याचे कर, वितरकाचा आणि दुकानदाराचा हिस्सा. त्यामुळे तिथली हजाराची बाटली इथे हजाराची राहतच नाही. स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि त्यात वाइनच्या शुल्कात टप्प्याटप्प्याने सूट आहे. पण स्विस वाइन बाहेर निघतेच एवढी कमी की त्यावर मी फार आशा ठेवणार नाही. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला सांगणं हाच आजचा स्वस्त मार्ग.

संत्राबाग

अगदी. आणि सांगताना नाव लिहून द्या: सांता माद्दालेना, किंवा काल्टर्न सरोवराकाठची काल्टरेरझे. दोन्ही स्कियावाच्याच. सर्वांत ताजं वर्ष घ्यायला सांगा. ही वाइन कपाटात वर्षानुवर्षं जपायची नाही, दोन-तीन वर्षांत प्यायची.

इथल्यांपैकी घ्यायची तर अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोवेझे मला रश्श्याजवळ जाणारी वाटते. आल्प्सशी तिचा संबंध नाही, द्राक्ष मध्य इटलीचं, आणि स्कियावापेक्षा ती तुरट आहे. पण आंबटपणा चांगला आणि कॅबर्ने-शिराझपेक्षा अंगाने हलकी. तीही गार करूनच.

कापूसकाठ (यवतमाळ)

बूच काढायचा स्क्रू आमच्या गावात कोणाकडे नाही. पेचकस लावून काढावं का?

संत्राबाग

नको, बाटलीचं तोंड फुटलं तर काच पोटात जायची. स्क्रू तालुक्याला भांड्यांच्या मोठ्या दुकानात मिळतो. नाहीतर आणणाऱ्याला फिरकीच्या झाकणाची बाटली आणायला सांगा. तिथे अशा ताज्या वाइनना ते झाकण सर्रास असतं आणि त्याने वाइन कमी दर्जाची ठरत नाही. उरलेली वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन दिवस चांगली राहते.

भाकर आन् ठेचा

माय, आमच्या घरी मटण नाही चालत. करीले आमच्याकडे पाटोडीचा रस्सा असते, नाहीतर वांग्याची भाजी आन् रोडगे. आम्ही काय करावं? आमच्यासाठी काही आहे का ह्या वाइनीत?

संत्राबाग

आहे ना! करीच्या आदल्या दिवशी पाटोड्या केल्या होत्या, त्यातल्या थोड्या उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याही पानात आल्या. बेसन, तीळ, खोबरं आणि तोच काळा मसाला. स्कियावासोबत मटणाइतक्याच छान लागल्या, कारण वाइनची गाठ मसाल्याशी आणि तेलाशी पडते. रोडग्यांबरोबर तर मी नक्की देईन. गोवऱ्यांवर भाजल्याचा धुरकट वास, वर तूप, आणि वांग्याच्या भाजीचा झणका. त्या धुराला लाग्राइनसुद्धा चालेल. फक्त पुरणपोळीसोबत यातली कुठलीच घेऊ नका, गोडापुढे कोरडी (बिनगोड) वाइन आंबट लागते. ठेचा मात्र ताटाच्या कडेला ठेवा आणि त्याच्यासोबत ताकच घ्या.

नागपुरी तर्री

भाचा मार्चमध्ये म्युनिकहून येऊन राह्यला. त्याले आत्ताच लिहून धाडलं: सांता माद्दालेना, ताजं वर्ष, फिरकीचं झाकण. होळीच्या करीले सावजीसंगं लावतो आन् इथंच कळवतो.